पेठेंतील निवांत जागा

शांतता ही खेड्याची मिरास आणि गोंगाट हा शहराचा धर्म, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे कीं, तिच्याविषयीं कोणी शंका घेतली तर तोच विक्षिप्त ठरावा. आम्ही पोफळीकर असल्यामुळें या समजुतीचा लाभ आम्हांस नेहमीं मिळतो. मुंबईहून येणारा पाहुणा कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीं उतरतो, मान वर करून सह्याद्रीच्या भिंतीकडे पाहतो, ‘तुम्ही भाग्यवान खरे, येथें काय शांतता आहे!’ असें म्हणतो आणि चार दिवसांनीं परत जातो. पाहुण्याचें बोलणें खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे.

ज्या डोंगराकडे तो पाहतो त्याच्याच पोटांत कोयना प्रकल्पाचें वीजगृह आहे. घाटमाथ्यावरील शिवसागर जलाशयाचें पाणी बोगद्यांतून साडेचारशें मीटरांहून अधिक खालीं उतरतें आणि तेथील आठ यंत्रें फिरवितें. पहिलें यंत्र १९६२ सालीं सुरू झालें. पोफळीच्या दोन टप्प्यांची एकंदर क्षमता ६०० मेगावॅट आहे. आंत कानठळ्या बसविणारी घरघर, आणि बाहेर झाडीवर पाखरें बोलतात तीं स्पष्ट ऐकूं येतात. पाण्यावर चालणारीं यंत्रें हवीं तेव्हां चटकन सुरू व बंद करतां येतात, म्हणून कोयनेची वीज मुख्यतः मागणी ऐन भरांत असते त्या वेळेस वापरली जाते. शहरांतील दिवे, पंखे आणि दुकानांपुढील कर्णे जेव्हां एकदम चालू होतात, तेव्हां आमचा डोंगर कामाला लागतो. शहरच्या गोंगाटाचें माहेर पोफळी आहे, असें कोणी विनोदानें म्हटलें तर आम्हांस रागावतां यावयाचें नाहीं. तेव्हां पेठेंतील कोलाहलाविषयीं बोलण्याचा अधिकार खेडेगांवच्या माणसास काय, असें कोणी विचारूं नये.

शिवाय पोफळीचा मनुष्य पोफळींतच बसून राहत नाहीं. दांत दुखला, डोळे तपासावयाचे झाले, कचेरींतून दाखला काढावयाचा झाला, लग्नाचा बस्ता बांधावयाचा झाला, कीं त्याला चिपळूण गांठावेंच लागतें. शिरगांव मागें टाकून कऱ्हाडच्या रस्त्यानें आपण येतों तों बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्ग आडवा येतो, आणि तेथून पुढें बाजारपेठ संपेपर्यंत कानाला विसांवा म्हणून नाहीं. मालमोटारींचे भोंगे, त्यांना उत्तर देणारे रिक्षांचे भोंगे, एका दुकानाचें गाणें संपण्यापूर्वींच सुरू होणारें दुसऱ्या दुकानाचें गाणें, भंगारवाल्याच्या गाडीवरील तेंच तें ध्वनिमुद्रित वाक्य, मासळीचा वास, नव्या दुकानांतील डोळ्यांत घुसणारा पांढरा उजेड, आणि या सर्वांत खांद्याला खांदा घासून जाणारी गर्दी! बहुतेकांस याचा त्रास होतो तो संध्याकाळीं घरीं आल्यावर डोकें जड होण्यापुरता. चहा घेतला कीं तो जातो. परंतु कांहीं माणसें अशीं आहेत कीं, त्यांच्या बाबतींत ही गोष्ट चहावर भागत नाहीं.

स्वमग्न मुलांचा विचार प्रथम करूं. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं काम करणारे डॉक्टर लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांचें वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला, आणि तेथून स्वमग्नतेच्या वैद्यकीय अभ्यासास आरंभ झाला असें सामान्यतः मानितात. मोठे आवाज आणि हलणाऱ्या वस्तु यांची या मुलांना वाटणारी भीति कॅनर यांनीं तेव्हांच टिपून ठेविली होती. तरीहि, इंद्रियांना येणाऱ्या अनुभवांनीं अतिशय व्याकूळ होणें, किंवा उलट त्यांची जाणीवच कमी होणें, या गोष्टीला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथांत लक्षण म्हणून रीतसर स्थान मिळालें तें २०१३ सालीं. आईबापांना पहिल्या दोन वर्षांत कळणारी गोष्ट ग्रंथांत उतरण्यास सत्तर वर्षें लागलीं!

तुम्ही-आम्ही वर्गांत बसतों तेव्हां पंख्याची घरघर थोड्या वेळानें आपल्याला ऐकूं येईनाशी होते. कान बंद झालेले नसतात. मेंदू नको तो आवाज मागें सारीत असतो. या मुलांपैकीं पुष्कळांच्या बाबतींत ही चाळणी तशी काम करीत नाहीं. पंखा, भोंगा, चपलांचा आवाज, मागच्या बाकावरील कुजबूज, हें सारें एकाच जोरानें आंत शिरतें. मग मूल कान झांकून घेतें, जमिनीवर बसकण मारतें, किंचाळतें, किंवा आईचा हात सोडून धांवत सुटतें. भोंवतीं लोक जमतात, आणि ‘लाडावलेलें पोर आहे, एक चपराक दिली कीं गप्प बसेल’ असा फुकटचा सल्ला मिळतो. ज्या मुलाला आधींच सगळें जास्त होत आहे त्याला आणखी एक चपराक!

अशी मुलें थोडीं, त्यांच्यासाठीं पेठेनें काय म्हणून बदलावें, असें कोणी म्हणेल. पण ओळ येथें संपत नाहीं. श्रवणयंत्र लावणारे वृद्ध घ्या. यंत्र हव्या शब्दाबरोबर नको तो गलकाहि मोठा करितें, म्हणून कित्येक आजोबा बाजारांत येतांच तें काढून खिशांत टाकतात, आणि मग मोटारीचा भोंगाहि त्यांना ऐकूं येत नाहीं. अर्धशिशीनें डोकें धरून बसलेली बाई घ्या, तान्हें मूल घ्या, दुखण्यांतून नुकताच उठलेला मनुष्य घ्या. यांतील कोणत्या ना कोणत्या रांगेंत आपण प्रत्येकजण केव्हां तरी उभे राहणारच आहोंत.

आतां अशी कल्पना करा कीं, पोफळीची एक आई आपल्या मुलाला घेऊन सकाळच्या एस. टी. नें चिपळुणास डॉक्टरकडे आली आहे. नंबर लागावयास दोन तास आहेत, आणि दवाखान्याच्या ओसरींत दूरदर्शनचा संच मोठ्यानें चालू आहे. या दोन तासांत तिनें मुलाला घेऊन जावें कोठें? उपाहारगृहांत खुर्ची मिळते ती चहा घशाखालीं उतरेपर्यंत, आणि तेथेंहि गाणें आहेच. बसस्थानकावर दर पांच मिनिटांनीं कर्ण्यांतून गाड्यांची घोषणा होते. ती आवश्यकच आहे. रावतळ्याची विंध्यवासिनी आणि गोवळकोटची करंजेश्वरी हीं दोन्ही देवस्थानें उत्सवाचे दिवस सोडल्यास मोठीं निवांत. करंजेश्वरीच्या बाजूस तर एका अंगाला किल्ला आणि दुसऱ्या अंगाला वाशिष्ठीची खाडी. पण जाण्या-येण्याचें रिक्षाचें भाडें द्यावयाचें, आणि तेवढ्यांत इकडे नंबर निघून गेला तर? विसांव्याची जागा दोन कोसांवर असली तर तिचा उपयोग रविवारच्या सहलीला. तातडीच्या वेळीं ती पायीं पांच मिनिटांत गांठतां आली पाहिजे.

आणि तशी जागा चिपळुणांत अगदींच नाहीं असें नाहीं. लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर ही संस्था १८६४ पासून, म्हणजे दीडशें वर्षांहून अधिक काळ, या शहरांत पुस्तकें आणि निवांतपणा पुरवीत आली आहे. २०१३ च्या आरंभीं नागनाथ कोत्तापल्ले यांच्या अध्यक्षतेखालीं ८६ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणांत भरलें, तें भरविणारी संस्था हीच. २०२१ च्या जुलैंत वाशिष्ठीचें पाणी पेठेंत शिरलें तेव्हां वाचनमंदिराच्या ग्रंथांचीहि मोठी हानि झाली, आणि तरीहि संस्था पुन्हा उभी राहिली. पुरानें बुडालेलें वाचनालय जें गांव पुन्हा उभें करतें, त्या गांवाला निवांतपणाची किंमत कळत नाहीं असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं.

परंतु कोणत्याहि वाचनालयाच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते, आणि आमच्या मतें सगळ्या प्रश्नाची मेख या पाटींत आहे. जी जागा शांत आहे ती एक, आणि जेथें येणाऱ्यानें शांत बसलेंच पाहिजे अशी सक्ति आहे ती दुसरी. आमच्या कल्पनेंतील मुलाला गलक्यापासून सुटका हवी आहे. पण सुटका झाल्यावर तें मूल पुतळ्यासारखें बसेल अशी खात्री नाहीं. तें पुढेंमागें डोलेल, हात फडफडवील, एकच सूर घोळवीत राहील. मनाची घडी पुन्हा बसविण्याची ही त्याची रीत असते. वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, आणि आई उठून पुन्हा रस्त्यावर जाईल. यांत वाचकांचा दोष नाहीं. ते वाचावयास आले आहेत. म्हणून वाचनालय, देऊळ, मशीद वा चर्च यांचा नुसता निर्देश करून हा प्रश्न सुटत नाहीं. या जागांना लागून एखादी पडवी, एखादी बंद सज्ज्यासारखी खोली, निदान मागच्या अंगणांतील एक बांक असा हवा कीं, जेथें बाहेरचा गलका येत नाहीं आणि आंतला थोडासा सूर कोणास खटकत नाहीं.

मुंबईकडे पाहिलें म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. फोर्ट विभागांत कामाच्या दिवशीं जी वर्दळ असते ती पाहून कोंकणांतून गेलेला मनुष्य भांबावतो. पण त्याच विभागांत १८३३ सालीं पूर्ण झालेल्या टाऊन हॉलांत एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय आहे. त्याच्या समोर हॉर्निमन सर्कलची वर्तुळाकार बाग आहे, बागेपलीकडे १७१८ पासून उपासनेसाठीं खुलें असलेलें सेंट थॉमसचें कॅथीड्रल आहे, आणि तेथून थोडें चालल्यास काळ्या घोड्यापाशीं डेव्हिड ससून ग्रंथालयाची १८७० सालची इमारत लागते. तिच्या मागें एक लहानशी बाग आहे. भर शहरांत असूनहि तेथें बसल्यावर रस्ता दूर गेल्यासारखा वाटतो. मात्र ती सभासदांसाठीं आहे. सार्वजनिक बागांना वेळा असतात, कांहींना भर दुपारीं कुलूप असतें. शहरांत शांत कोपरे नाहींत असें नव्हे. ज्याला ज्या घटकेला ते हवे असतात त्याला त्या घटकेला ते उघडे सांपडत नाहींत. ज्याच्या खिशांत पैसे आहेत तो वातानुकूलित उपाहारगृहांत जाऊन शांतता विकत घेतो. ज्याच्याजवळ ते नाहींत त्याच्यासाठीं पदपथ आहेच.

कायद्याचें काय, असें विचारावयाचें तर कायदा आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांप्रमाणें दिवसा व्यापारी वस्तींत ६५, राहत्या वस्तींत ५५ आणि शांतता क्षेत्रांत ५० डेसिबल ही मर्यादा ठरली आहे. रात्रीं ती प्रत्येक ठिकाणीं दहांनीं कमी होते. दहांचा फरक लहान वाटतो, पण हें माप गुणाकाराचें आहे: दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट झाली. रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्याभोंवतीं शंभर मीटरांचें शांतता क्षेत्र ही कल्पनाहि त्याच नियमांतील. पुढें २०१७ सालच्या दुरुस्तीनें, सरकारनें तसें घोषित केल्याशिवाय कोणतीहि जागा शांतता क्षेत्र मानूं नये असें ठरलें. म्हणजे जें आपोआप होतें तें आतां कागदावर यावें लागतें. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनीं २०२० च्या जानेवारींत एक मौजेची युक्ति जाहीर केली: चौकांतील भोंग्यांचा आवाज ८५ डेसिबलांच्या वर गेला कीं तांबड्या दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावी. जो अधिक ओरडेल तो अधिक वेळ थांबेल! शाळामास्तरांना ही शिक्षा ओळखीची वाटेल.

पण हे सर्व नियम आवाज करणाऱ्यास उद्देशून आहेत. ज्याला आवाज सोसत नाहीं त्याला ते बसावयास एक बांकहि देत नाहींत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या कायद्यानें एकवीस प्रकारच्या अक्षमता मानल्या आणि त्यांत स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख केला, ही मोठी गोष्ट झाली. सार्वजनिक जागा सर्वांस वापरतां आल्या पाहिजेत, हेंहि तो कायदा सांगतो. त्याप्रमाणें नव्या इमारतींपुढें पायऱ्यांच्या बाजूस चाकाच्या खुर्चीसाठीं उतार दिसूं लागले आहेत. तो उतार बांधला कीं आपलें कर्तव्य संपलें असें मात्र आपण समजतों. पायांसाठीं केलेली सोय डोळ्यांना दिसते आणि तिचें उद्घाटन करतां येतें. कानांसाठीं केलेल्या सोयीचें उद्घाटन करावयाचें कसें? बहुधा म्हणूनच ती राहून जाते.

कोणी आम्हांस असेंहि विचारतील कीं, मग शिमगा बंद करावयाचा काय? ढोल थांबवावयाचे काय? मुळींच नाहीं. शिमग्यांत पालखी नाचत नाहीं तें कोंकण कसलें! ढोलाचा दिवस ठरलेला असतो, पालखीची वाट ठरलेली असते, आणि ज्याला सोसत नाहीं त्याच्या घरच्यांना तें आधीं ठाऊक असतें. मासळीवालीच्या आरोळीविषयींहि आमची तक्रार नाहीं. ती तिच्या पोटाची आरोळी आहे, आणि दम लागला कीं ती थांबते. कर्ण्याला दम लागत नाहीं. दिवसभर कोणी ऐको न ऐको, दुकानापुढें तो गातच असतो, आणि त्यामुळें एक तरी गिऱ्हाईक अधिक येतें कीं नाहीं याचा हिशेब कोणा व्यापाऱ्यानें मांडलेला आमच्या ऐकिवांत नाहीं. तोटा व्हावयाचा नाहीं अशा ठिकाणापासून आरंभ करण्यास हरकत कोणती?

इंग्लंडांत तेथील स्वमग्नतेविषयीं काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनें २०१७ च्या ऑक्टोबरांत दुकानदारांकडून अशाच एका तासाचा प्रयोग करविला. २०१८ च्या उन्हाळ्यांत मॉरिसन्स नांवाच्या मोठ्या दुकानसमूहानें शनिवारीं सकाळीं नऊ ते दहा हा तास राखून ठेविला. त्या तासांत दिवे मंद करावयाचे, गाणें बंद ठेवावयाचें, घोषणा टाळावयाच्या. विक्री मात्र चालूच. आपल्या कोंकणांत आणि पुण्याकडे दुकानदारांची दुपारची झोंप हा थट्टेचा विषय आहे. वास्तविक पेठेला दिवसांतून एक निवांत प्रहर देण्याची ती जुनी, देशी पद्धतच होती. अडचण एवढीच कीं, त्या प्रहरीं दुकानांच्या फळ्याहि लागलेल्या असतात. शांतता मिळते, पण साबण मिळत नाहीं. फळी अर्धी उघडी ठेवून कर्णा तेवढा झोंपूं द्यावा, असा मध्यम मार्ग आमच्या व्यापारी बंधूंस सुचवावासा वाटतो.

यास मोठ्या खर्चाची गरज नाहीं. विरेश्वर तलाव, नारायण तलाव यांसारख्या जागा शहराच्या अंगाशींच आहेत. काठावर झाडाच्या सावलींत, रस्त्याकडे पाठ येईल अशा बेतानें बांक ठेवला, मागें दाट कुंपण लावलें आणि तेथें कर्णा लावूं दिला नाहीं, तर तेवढ्यानेंच पुष्कळ साधेल. पाठीमागून अचानक कोणी येणार नाहीं असें दिसलें म्हणजे घाबरलेला जीव लवकर सांवरतो, म्हणून बांकाची दिशा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. रुग्णालयांच्या ओसरींतील संच बंद ठेवावा, निदान मुका ठेवावा. बसस्थानकाच्या एका टोकाच्या खोलींत कर्णा न्यावयाचा नाहीं आणि गाडीची वेळ फळ्यावर लिहावयाची. कोणत्याहि नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करतांना, उतार कोठें आहे या प्रश्नाबरोबर विसांव्याची जागा कोठें आहे हाहि प्रश्न नगरपरिषदेनें विचारावा.

राहतां राहिलें आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींचें काम, आणि तें आजच होण्यासारखें आहे. हल्लीं घरोघरच्या खिशांतील दूरध्वनींत आवाज मोजण्याची सोय असते. तें माप अगदीं अचूक नसलें तरी पेठ आणि तलाव यांतील अंतर दाखविण्यास पुरेसें आहे. चारचार जणांनीं एकेक रस्ता वांटून घ्यावा, सकाळीं दहा, दुपारीं दोन व संध्याकाळीं सहा वाजतां आंकडे टिपावे, आणि जेथें आवाज उतरतो ती जागा नकाशावर मांडावी. शेजारीं लिहावें: सावली आहे कीं नाहीं, पाणी आहे कीं नाहीं, बसण्याबद्दल कोणी हटकतें काय, केव्हां उघडतें, केव्हां मिटतें, आणि बसस्थानकापासून पायीं किती मिनिटें लागतात. असा एक कागद प्रत्येक दवाखान्याच्या ओसरींत चिकटविला, तर पोफळीहून, अलोऱ्याहून, शिरगांवाहून मूल घेऊन आलेल्या आईला निदान विचारीत फिरावें लागणार नाहीं. कागदाच्या तळाशीं परतीच्या गाड्यांच्या वेळाहि घालाव्या, म्हणजे बसल्या जागीं तिला घड्याळाकडे पाहून उठतां येईल.